तुम्ही विचारलंत म्हणून: आबांना फिरायला का नेत नाही

जिन्यात, भाजीवाल्यापाशी, लग्नाच्या पंगतीत, प्रश्न एकच. "आबांना फिरायला नाही का नेत? घरात बसून पाय आखडतील हो." 'सून ती, तिला कशाला वेळ असेल' हेही त्या सुरात असतं आणि ते मला ऐकू येतं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी एक आठवण करून देते. जून २०२० मध्ये सरकारने पहाटे पाच ते संध्याकाळी सात बाहेर चालायला, सायकल चालवायला परवानगी दिली. पासष्टीच्या पुढच्यांनी मात्र घरातच थांबावं असं होतं. आबा तरी पहाटे निघायचे, नाकावर मास्क, हातात काठी. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या मधोमध चालायचे. तेव्हा "त्यांना आवरा, सोसायटीत कोरोना आणतील" म्हणणारे कोण होते? आज पाय आखडण्याची काळजी करणारेच.

त्या दिवसांत माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. नणंदेला फोनवर सांगायचे, बघ, लोकांना आता चालायची चटक लागली, रस्ते काही पुन्हा तसे होणार नाहीत. नवरा म्हणायचा, पेट्रोल पंपावर गर्दी होऊ दे, मग बोलू. तो बरोबर ठरला असं मी अजूनही म्हणणार नाही. पण पंपावर गर्दी झाली.

"फुटपाथ आहे की!" आहे ना. आमच्या गल्लीतून जॉगिंग ट्रॅकला जायचं तर कॉलेज रोड ओलांडावा लागतो. तिथवर आधी दुकानाचा गुळगुळीत फरशीचा उतार, मग विजेची डीपी, मग साइड स्टँडवर तिरक्या लावलेल्या गाड्या, मग खचलेले पेव्हर ब्लॉक. पाणीपुरीवाल्यावर माझा राग नाही. तो निदान "आजोबा, इकडून या" म्हणत स्टूल सरकवतो. लावून गेलेल्या बुलेटला कोण सांगणार? रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे, चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. आमच्याकडे माझ्या खांद्यावर भार टाकल्याशिवाय आबांना फुटपाथ चढताच येत नाही.

आता तो दिवस. कोरोना ओसरल्यानंतरचा हिवाळा, संध्याकाळ. गाड्यांमुळे आम्ही खाली रस्त्यावर उतरलो होतो. एक पोरगा राँग साइडने मोपेडवर आला आणि आरसा आबांच्या कोपराला लागला. खरचटलं, इतकंच. पण ते मटकन फुटपाथच्या कडेवर बसले. पोरगा थांबला, नाही असं नाही. म्हणाला, "आजोबा, बघून चाला ना." मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. बोलून वळले तर आबांचा पायजमा ओला झालेला. चौघे-पाचजण उभे, कोणीतरी पाण्याची बाटली पुढे करतंय आणि आबा ती घेत नाहीत, दोन्ही हात मांडीवर पसरून बसलेत. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलेला माणूस. मी ओढणी काढून त्यांच्या मांडीवर टाकली. इतक्या जवळचं भाडं घ्यायला रिक्षावाले तयार नव्हते, तिसरा कसाबसा आला. घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "त्याला सांगू नकोस." मी नवऱ्याला आजतागायत सांगितलेलं नाही. हे वाचूनच कळेल.

त्यानंतर ते गेटच्या बाहेर गेले नाहीत. गच्ची सुचवून झाली. "गच्चीवर कोण भेटतं?" म्हणाले. बससुद्धा सुचवली. २०२१ च्या जुलैत सिटीलिंक सुरू झाली, बस बरी आहे. पण स्टॉपपर्यंत चालतच जायचं ना!

आणि तुम्ही मला मेट्रो निओचं, त्या रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोचं, सांगू नका. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिकसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद करा म्हणतात. रुंद झाले की ओलांडायचे कसे? सिग्नलवर पायी जाणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर असा धरतात. आबा त्या हिशेबात बसत नाहीत, आणि थोडं थांबा, तुम्हीही बसणार नाही.

खरं सांगायचं तर ते नको म्हणतात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटतं. त्यात माझी सोय आहे, हेही कळतं. मग रात्री वाटतं, त्यांच्या भीतीआड मीच लपलेय का? सकाळी वाटतं, छे, मी कुठे तो रस्ता बांधला!

एवढी काळजी असेल तर रविवारी पहाटे साडेपाचला खाली या. आतला हात मी धरते, रस्त्याच्या बाजूला माणूस हवा. आबा हो म्हणतील याची खात्री मात्र देत नाही.