आई बसेल

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा.

लेकीने, मुक्ताने, पाठवलेला फ्रान्समधल्या मार्सेलिसच्या प्रवासाचा तक्ता परवा संध्याकाळी पहिल्यांदा नीट उघडून पाहिला आणि तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. तक्ता चांगला आहे, हे आधी लिहून ठेवते. चार दिवसांना चार रंग, पॅरिसहून निघणाऱ्या गाडीची वेळ, तिकिटांचे दर, पाऊस आला तर काय करायचे त्याची सोय, आणि अगदी उजवीकडे 'टीप' नावाचा एक अरुंद रकाना. त्या रकान्यात चार ठिकाणी तेच दोन शब्द आहेत : 'आई बसेल'.

टेकडीवरच्या चर्चपर्यंत 60 क्रमांकाची बस जाते, पण तिथून पुढे पायऱ्या आहेत, म्हणून आई बसेल. पानिए नावाच्या जुन्या वस्तीतल्या चढाच्या गल्ल्या बाकीचे फिरून येतील तोवर आई बसेल. इफच्या किल्ल्यावर जाणारी बोट हेलकावे खाते, म्हणून आई बंदरावर बसेल. चौथ्या दिवशी सगळे कालांकच्या पांढऱ्या कड्यांमधून चालत समुद्रापर्यंत उतरणार आहेत, तिथे तर कारणही दिलेले नाही. आई बसेल, एवढेच.

एकतीस वर्षे मराठी आणि भूगोल शिकवल्याचा परिणाम असेल, पण मी त्या क्रियापदापाशीच अडकून पडले आहे. 'बसू शकेल' असे लिहिले असते तर ती सोय झाली असती. 'बसावे' म्हटले असते तर निदान विनंती तरी झाली असती. 'बसेल' हा साधा भविष्यकाळ आहे आणि साध्या भविष्यकाळाला कोणाची परवानगी लागत नाही. उद्या सूर्य उगवेल, गाडी वेळेवर सुटेल, आई बसेल.

रागावण्यासारखे यात काही नाही, हे मला कळते. गुडघ्यांचे एक्स-रे मीच तिला पाठवले होते आणि फोनवर दर रविवारी त्यांचे वर्णनही मीच ऐकवत असते. तिने ते ऐकले, लक्षात ठेवले आणि त्याप्रमाणे आखणी केली. मुलीने याहून अधिक काय करायचे असते? सासूबाईंना आम्ही जेजुरीला पहिल्या कमानीपाशी ठेवून वर गेलो होतो, तेव्हा कोणी त्यांच्यासाठी रकानासुद्धा केला नव्हता. त्यावर आज लिहीत नाही.

तरी खुपायचे ते खुपतेच. ज्या टेकडीवर मी बसणार आहे, तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर अकरा मीटरहून उंच, सोन्याचा मुलामा दिलेली मेरीची मूर्ती आहे. कडेवर मूल घेऊन ती 1870 पासून समुद्राकडे बघते आहे. खलाशी परत आले की तिच्यापाशी येऊन नवस फेडत, म्हणून आत छताला लहान लहान जहाजे टांगलेली आहेत. गावातली माणसे तिला 'बॉन मेर' म्हणतात, म्हणजे भली आई. त्या गावाने आपल्या आईला दीडशे वर्षे उभे ठेवले आहे आणि आमच्या तक्त्यात मात्र आई बसेल. हे वाक्य रविवारी रात्री सुचले तेव्हा मला रडू आले होते. आज लिहिताना ते थोडे नाटकी वाटते आहे, पण खोडत नाही.

गावाच्या नावापासूनच आमचे दोन रस्ते झाले आहेत. मुक्ता त्याला 'मार्से' म्हणते आणि फ्रेंचही तसेच म्हणतात, तेव्हा बरोबर तिचेच आहे. मी मात्र पाचवीपासून मार्सेलिस म्हणत आले, कारण सावरकरांनी उडी मारली ती मार्सेलिसला. मार्सेला कोणी उडी मारल्याचे आमच्या रत्नागिरीत कधी ऐकिवात नव्हते. आणि रत्नागिरीत ही गोष्ट पुस्तकातली नसे. 1924 ते 1937 सावरकर तिथेच स्थानबद्ध होते, त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या आज्या प्रत्येक आळीत असत. त्या सांगत तसा मी भर समुद्र डोळ्यांपुढे आणी, आणि पुढे कित्येक वर्षे फळ्यावर बोटही काठापासून हातभर लांब काढली. निवृत्तीनंतर त्यांच्या अटकेवरून फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये झालेल्या वादावरचा हेगच्या लवादाचा 24 फेब्रुवारी 1911 चा निकाल वाचला तेव्हा कळले की त्यांना कैदी म्हणून नेणारी मोरिया ही बोट उडीच्या आदल्या दिवशीच, म्हणजे 7 जुलै 1910 ला, बंदरात येऊन लागलेली होती. 8 तारखेला सकाळी ते पोहून काठाला लागले आणि धावत सुटले. एका फ्रेंच शिपायाने त्यांना पकडले, बोटीवरून उतरलेल्या तिघांनी त्याला मदत केली, आणि 9 तारखेला बोट त्यांना घेऊन निघूनही गेली. कैद्याला असे हाती देण्यात चूक झाली खरी, पण म्हणून त्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असा तो निकाल. माझ्या मनातल्या गोष्टीत पोहणे कमी झाले आणि धावणे वाढले, एवढाच फरक पडला.

तक्त्यात पहिल्या दिवशी दुपारी 'जुने बंदर (सावरकर)' असे लिहिले आहे, ते मला दुरुस्त करावे लागेल. एवढ्या मोठ्या आगबोटी त्या काळी जुन्या बंदरात येतच नसत. त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तरेकडे, जोलिएतच्या बाजूने, नव्या गोद्या बांधल्या जात होत्या. आता जोलिएतहून कोर्सिकाला आणि अल्जीरियाला जाणाऱ्या बोटी सुटतात. जुने बंदर म्हणजे इसवी सनापूर्वी 600 च्या सुमारास आशिया मायनरहून आलेल्या ग्रीकांनी वसवलेली मस्सालिया, ती गोष्ट वेगळी. ह्यांच्या वहीत या सगळ्याचे एक पान आहे आणि त्यात 'जोलिएत' या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. असो.

माझार्ग मात्र तक्त्यात नाहीच. शहराच्या दक्षिणेला तिथे युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे आणि तिच्यात भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. सप्टेंबर 1914 च्या अखेरीस लाहोर डिव्हिजन मार्सेलिसला उतरली, तिच्यात खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. आमचे पहिले बिऱ्हाड खडकीला, मुक्ताचा जन्म तिथला, आणि तिच्या बाबागाडीच्या वाटेवर रोज तीच लष्करी भिंत लागे. खडकीहून निघालेली माणसे ज्या गावात बोटीतून उतरली, तिथे खडकीत जन्मलेल्या मुलीने आईला न्यावे, असे मला मनापासून वाटते. तक्त्यात नाव नसल्याचा एक फायदा असा की तिथे मी बसायचे की उभे राहायचे, हे अजून ठरलेले नाही.

पावसाबद्दलही मी वाद घालणार होते. भूमध्य सागरी हवामानात उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, हे मी इतक्या मुलांकडून पाठ करून घेतले आहे की ऑक्टोबरच्या तक्त्यात छत्र्या पाहून मला हसू आले. मग आकडे काढून बघितले, तर मार्सेलिसला सर्वांत जास्त पाऊस शरदातच पडतो, हिवाळ्यात नव्हे. उन्हाळ्यात जावे तर वणव्याच्या भीतीने कालांकच्या वाटा कधीही बंद होतात, आणि ऱ्होनच्या खोऱ्यातून मिस्त्राल वारा सुटला की इफची बोट रद्द होते. मुक्ताने हे सगळे धरून तारखा काढल्या आहेत. भूगोलात ती माझ्यापेक्षा पुढे गेली, ही गोष्ट एरवी मी चार लोकांना सांगितली असती.

आता आज सकाळचे लिहिते, कारण खरे तर त्यासाठीच वही उघडली आहे. मार्सेलिसचे सें शार्ल स्थानक उंचवट्यावर आहे आणि त्याच्यापुढे 104 पायऱ्यांचा प्रशस्त दगडी जिना आहे. पर्वतीच्या पायऱ्या 103. एका पायरीचा काय तो फरक, असे म्हणून मी पहाटे सहाला रिक्षा केली आणि कोणाला न सांगता पर्वतीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. बेत असा होता की वर पोहोचायचे, देवदेवेश्वराला नमस्कार करायचा, फोटो काढायचा आणि मुक्ताला पाठवून खाली तीनच शब्द लिहायचे : 'आई उभी आहे.'

चढले. तीनदा थांबले, पहिल्यांदा पदर खोचायला, दुसऱ्यांदा फोन बघायला, तिसऱ्यांदा काही कारण सुचेना म्हणून नुसतीच. पर्वतीच्या पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, मधे पसरट उतार आहेत, त्यामुळे दम लागला तरी गुडघ्याने तक्रार केली नाही. वर वारा होता, खाली सारसबागेची झाडे नुकती दिसू लागली होती. फोटोही काढला. त्यात माझा चेहरा शाळेच्या सहलीतल्या मुलीसारखा आला आहे.

उतरताना मात्र विसाव्या पायरीपासून डावा गुडघा बोलू लागला आणि चाळिसाव्या पायरीपर्यंत त्याने चांगलेच भाषण केले. एकेका पायरीवर दोन्ही पावले टेकवत, कठड्याला धरून येत होते. एक गृहस्थ रोजचे असावेत, माझ्याहून निदान दहा वर्षांनी मोठे, मफलर कानांवरून बांधलेला, काठी बगलेत धरलेली. ते वर जाता जाता थांबले आणि म्हणाले, "ताई, बसा जरा. कठड्यापाशी सावलीत बसा, घाई कसली आहे?"

आणि मी बसले. चांगली वीस मिनिटे बसले. दगड रात्रीचा गार होता, पाय लांब करता येत होते, आणि वर जाणाऱ्यांचे जोडे डोळ्यांच्या पातळीवरून जात होते. पळायला आलेल्या मुलांचे भडक बूट, एका बाईंच्या झिजलेल्या टाचेच्या चपला, फुलांची टोपली घेऊन जाणाऱ्या पोराचे अनवाणी पाय. फोटो पाठवायचा राहून गेला.

घरी येऊन चहा घेताना लक्षात आले की सें शार्ल स्थानक वर आहे आणि शहर खाली, म्हणजे पॅरिसहून आलेल्या माणसाला तो जिना चढायचा नसून उतरायचा असतो. एकशे तीन पायऱ्या चढून मी ज्याची तालीम केली, तो प्रवेश नाटकात नव्हताच. तक्ता पुन्हा उघडला. पहिल्या दिवसाच्या ओळीत तिने लिहिले होते : 'स्थानकातून मेट्रोने जुने बंदर. जिना नको.' ही टीप माझ्या आधी नजरेतच आली नव्हती, कारण तिच्यात आई नव्हती.

मग दुपारभर, बसलेलीच होते तर, त्या बसायच्या जागा एकेक करून शोधल्या. पानिएमध्ये तिने माझ्यासाठी 'व्हिए शारिते'चे अंगण निवडले आहे. चारही बाजूंनी तीन मजली कमानी, फिकट गुलाबी दगड, मधोमध लंबगोल घुमटाचे देऊळवजा चर्च; त्याच वस्तीत जन्मलेल्या प्यूजे नावाच्या शिल्पकाराने सतराव्या शतकात ते आखले. कशासाठी, तर रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना आणि निराधारांना पकडून आत ठेवण्यासाठी. पुढे एकोणिसाव्या शतकात तिथे म्हाताऱ्या माणसांना आणि पोरक्या मुलांना ठेवत. म्हणजे लेक जुनी गल्ली बघायला जाणार आणि जाताना आईला तिनेच शोधलेल्या धर्मशाळेत बसवून जाणार. मी घरात एकटी इतक्या जोरात हसले की समोरच्या गॅलरीतल्या वहिनींनी वाकून पाहिले. मुक्ताला हे माहीत नसणार. तिने फोटोतली सावली बघितली असेल, आणि सावली खरोखरच सुरेख आहे.

इफच्या बोटीचे मात्र मी सोडणार नाही. रत्नागिरीच्या मुलीला बोटीच्या हेलकाव्यांची भीती दाखवणे हा अपमान आहे, आणि तो गुडघ्यांच्या खात्यात जमा करता येत नाही. शिवाय जुन्या बंदराच्या टोकाशी रोज सकाळी मासेवाल्यांची ओळ लागते, ती तक्त्यात नाही, कारण तक्त्यातली सकाळ साडेनऊला सुरू होते. ज्या बुइयाबेसच्या वाटीला आता हॉटेलात डोळे फिरतील असे दर आहेत, ती मुळात कोळ्यांनी न खपलेल्या काटेरी माशांचे केलेले कालवण. ते काटेरी मासे मला त्यांच्या टेबलावर, ओले, डोळे उघडे असलेले बघायचे आहेत, आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या लिलावाशी ताडून बघायचे आहेत. नगरभवनापासून समोरच्या काठावर जाणारी एक लहानशी फेरीबोट आहे, बसेपर्यंत पलीकडला काठ येतो म्हणे. तिच्यातून मी दोनदा जाणार.

आत्ता तक्त्यात जाऊन 'टीप'च्या रकान्यात लिहायला मला परवानगी आहे का ते बघितले, आहे. चारातले एकही 'आई बसेल' पुसले नाही, फक्त इफच्या पुढचे 'बंदरावर' काढून 'बोटीत' केले. दुसऱ्या दिवसाच्या वर एक नवी ओळ घातली : 'सकाळी 8, मासळी बाजार. आई उभी राहील.' चौथ्या दिवसापुढे माझार्ग लिहिले. मग मुक्ताला वेगळा निरोप पाठवला की शारितेच्या अंगणात बाक आहेत का आणि असल्यास त्यांना पाठ आहे का, ते बघून ठेव; बिनपाठीच्या बाकावर मला दोन तास बसवत नाही.

निळ्या खुणा अजून उमटलेल्या नाहीत. तिकडे आत्ता आठ वाजले असतील, जेवत असतील.