पाऊस थांबलाय का?

गाडीतून उतरल्या उतरल्या आमच्यातल्या काकांनी आभाळाकडे बघून जाहीर करून टाकलं, "थांबतोय हं पाऊस." डिसेंबर महिना, अमेरिकेच्या पार वायव्य टोकाचं ऑलिम्पिक द्वीपकल्प आणि त्यातही होह नदीचं खोरं. पॅसिफिकवरून येणारे ढग ऑलिम्पिकच्या डोंगरांवर आदळतात आणि इथेच रिते होतात. वर्षाला साधारण साडेतीन मीटर पाऊस, त्यातला बहुतेक हिवाळ्यात. अशा ठिकाणी असं विधान करायला मुळातच आशावादी माणूस लागतो. आमचे काका तसे आहेत.

आम्ही आठ जण. वाट माहीत असलेली ताई सगळ्यात पुढे आणि डोकी मोजत येणारं कोणीतरी सगळ्यात मागे. ते कोणीतरी म्हणजे मी. शेवटून चालणाऱ्याला जंगल कमी आणि पाठपिशव्या जास्त दिसतात. त्यात रेनकोटची टोपी ओढली की डावी-उजवी बाजू बंदच, उरतात फक्त समोरच्याच्या टाचा. टोपीवर टपटप चालू, आत स्वतःच्या श्वासाचा आवाज. पुढून कोणी काही म्हटलं की "काय?", मग मागून दुसरं "काय?", आणि मूळ वाक्य तोवर नाहीसं झालेलं. अर्ध्या तासात गप्पा आपोआप बंद पडल्या. रेनकोटबद्दल म्हणाल तर, बाहेरचं पाणी त्याने आत येऊ दिलं नाही हे खरं, पण चढावर आतून फुटलेला घामही बाहेर जाऊ दिला नाही. शेवटी ओलं व्हायचंच, फक्त कोणत्या पाण्याने एवढंच आपल्या हातात.

हिवाळ्यातलं जंगल म्हणजे करडं, उघडंबोडकं असणार अशी माझी समजूत होती. इथे मेपलची पानं गळलेली, पण फांद्या मात्र हिरव्यागार, कारण त्यांच्यावर शेवाळाची जाड गोधडी. तिच्यातून नेचे वर आलेले, खाली दाढ्या लोंबलेल्या. मी एका बुंध्यावरच्या शेवाळावर बोट दाबलं तर गार पाण्याची धार मनगटावरून थेट कोपरापर्यंत बाहीत गेली. शेवाळाला खरी मुळं नसतात, ते सगळ्या अंगाने पाणी पितं. त्याच्यात अडकलेल्या पानांची, धुळीची वरच्या वर माती होते, आणि ही झाडं चक्क स्वतःच्या फांद्यांतून मुळं फोडून ती माती चाखतात. जंगलांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी झाडांवर दोर लावून चढल्या आणि 1981 साली त्यांनी हे जगासमोर मांडलं. मी हे सांगितलं तेव्हा "काय?" न म्हणता सगळं ऐकू आलेले एकटे काका. "नाडकर्णी? अरे वा!" म्हणाले आणि त्यानंतर प्रत्येक मेपलकडे जरा घरोब्याने बघायला लागले.

पुढे स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाचा एक आडवा पडलेला प्रचंड ओंडका लागला. त्याच्या पाठीवर हेमलॉक या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाची बोटभर उंचीची रोपं एका ओळीत उभी. खालच्या जमिनीवर नेच्यांची आणि शेवाळाची एवढी गर्दी की बी रुजायला अशी एखादी पाठच सापडावी लागते. थोडं पुढे त्यांचे थोराड भाऊबंद होते, तेही सरळ रांगेत. मुळाशी पोकळ बोगदे, ओंडका केव्हाच कुजून गेलेला.

एवढ्या वेळात काकांनी तीनदा तरी विचारलं असेल, "थांबला ना?" पुढची मुलगी म्हणाली, "काका, मग हे अंगावर काय पडतंय?"

"झाडांचं आहे ते."

"झाडांना कुठून मिळालं?"

यावर काका गप्प. पण मुद्दा त्यांचाच बरोबर निघण्याची चिन्हं होती. साठ-सत्तर मीटर उंच झाडांनी साठवलेलं पाणी पाऊस गेल्यावरही कितीतरी वेळ गळत राहतं. झाडाचा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा टपोरा असतो, आणि तो थांबून थांबून, नेमका मानेवर पडतो. मी वाटेवरच्या डबक्यांत वलयं मोजायला लागले. मोठी होती, विरळ होती. तरी खात्रीने काही सांगता येईना.

शेवटी वाट नदीकाठच्या गोट्यांवर उघडली. डोक्यावर एकदम आभाळ. ताईने टोपी मागे टाकली, मग एकेकाने टाकली. गोट्यांमधल्या एका डबक्यात ढग जसाच्या तसा दिसत होता. एकही वलय नाही. आम्ही किती वेळ कोरड्या हवेत माना खाली घालून चालत होतो, कोण जाणे.

"मी गाडीपाशीच म्हटलं होतं," काका म्हणाले. दहा मिनिटं ते नदीकडे अशा थाटात बघत उभे होते की पाऊस जणू त्यांनीच थांबवलाय.

साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे लगेच परत फिरलो. झाडीत शिरलो मात्र, टप्. सगळ्यात आधी टोपी ओढली ती काकांनी.