सगळं कळतं, मग सांगत का नाहीत?

दरवर्षी ॲडमिशनच्या दिवसांत कोणी ना कोणी पालक मला बाजूला घेऊन विचारतात, "मॅडम, ही मुलं डॉक्टर होणार. डिप्रेशन म्हणजे काय ते यांना शिकवतातच. मग स्वतःला झालं तर वेळेवर सांगत का नाहीत?" मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी शिकवते. तुम्ही विचारलंत म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

कळतं हो, बहुतेकांना कळतं. पण जायचं कुठे? आमच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी आहे, चांगली आहे. पण तिथे पोस्टिंगला आपलाच सीनियर असतो, आणि आत बसलेले सर उद्या आपली परीक्षा घेणार असतात. एक मुलगी ॲप्रन काढून, ओढणीने तोंड बांधून त्या रांगेत दहा मिनिटं उभी राहिली आणि तशीच हॉस्टेलवर परतली. त्या दिवशी काढलेला केसपेपर तिने चार घड्या घालून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवला होता. मला दाखवला तेव्हा घड्यांवर फाटत आला होता.

आणि आमच्याकडे हा आजार सगळ्यात आधी हजेरीपटावर दिसतो. सकाळचं लेक्चर चुकायला लागतं. मग डिसेक्शन हॉलमध्ये, जिथे मृतदेहावर शरीररचना शिकवतो, तिथे मुलगा टेबलापासून एकेक पाऊल मागे सरकतो आणि एक दिवस येतच नाही. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. कॉलेजचं पत्र घरी जातं, आणि घरचे म्हणतात, हॉस्टेलला गेला आणि बिघडला.

असाच एक मुलगा, तालुक्याच्या गावचा. 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा निघाली तेव्हा गावात चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता, 'भावी डॉक्टर' म्हणून. उत्तरं त्याला यायची, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, इंग्रजीत वाक्य जुळायचं नाही. पहिल्या इंटर्नलला नापास झाला आणि यायचा बंद झाला. परत आला तेव्हा मी त्याला भर वर्गात उभं करून विचारलं, "नीटला एवढे मार्क कसे मिळवलेस रे?" तो खाली बघत राहिला. त्या महिन्यात त्याला रात्र रात्र झोप नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. त्या वाक्याची आजही लाज वाटते.

ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या २५ हजारांवर मुलांनी भाग घेतला, त्यातल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं स्वतःहून सांगितलं. पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं शिक्षण, करणाऱ्यांपैकी ३१.२ टक्के जणांच्या मनात आदल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. निवासी डॉक्टरांना, म्हणजे पीजी करता करता वॉर्डात काम करणाऱ्यांना, आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नका, एक दिवस सुट्टी द्या, असं त्या अहवालात आहे. वॉर्डात ते कधी उतरणार, याची मी वाट पाहते आहे.

तोवर तुमच्या हातातलं सांगते. फोनवर मार्क नंतर विचारा, झोप लागते का, जेवण जातं का, ते आधी विचारा. उपचार कॉलेजबाहेरच्या डॉक्टरांकडे घ्यायचे असतील तर घेऊ द्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरातल्या सगळ्यांकडे असू द्या. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

हल्ली हजेरी घसरली की पत्र जाण्याआधी मी त्या मुलाला केबिनमध्ये बोलावते. दार लोटून घेते, चहा मागवते, हजेरीचा विषयच काढत नाही. परवा एकजण बराच वेळ कपाकडे बघत बसला. चहावर साय धरली. मग म्हणाला, "मॅडम, सांगतो. पण घरी कळवणार नाही ना?"