सच्चिदानंदबाबांवरील ओवीबद्ध काव्य : नमन आणि पहिला सर्ग

सच्चिदानंदबाबांवर मी जे दीर्घ काव्य ओवीत लिहीत आहे, त्याचे नमन आता ठरले असून पहिल्या सर्गाचा आरंभही जागेवर बसला आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके 1212, म्हणजे इ.स. 1290, या कालनिर्देशाबरोबर ते ‘आदरें लेखकु’, म्हणजे आदराने लिहून घेणारे, झाल्याचा उल्लेख येतो. सुमारे नऊ हजार ओव्या नेवाशात ज्या हाताने उतरवून घेतल्या, त्या हाताच्या वाट्याला एवढीच जागा आली आणि माझे काव्य तिच्यातूनच निघाले आहे.

मृत झालेल्या सच्चिदानंदबाबांना ज्ञानदेवांनी उठवले, ही कथा परंपरेत प्रसिद्ध आहे आणि तेथून आरंभ करण्याचा मोह मोठा होता. परंतु पहिल्याच पानावर चमत्कार आला की पुढची लेखनिकी फिकी पडते, म्हणून ती कथा मी मागे ठेवली आहे. नमनही गणपतीला ओंकारस्वरूप म्हणून केलेले नाही, कारण ते काम ज्ञानदेवांनी करून ठेवले आहे आणि त्यांच्यापुढे कोणी गाऊ नये. माझा गणपती व्यासांचा लेखनिक आहे, अर्थ कळल्याखेरीज अक्षर न उमटवणारा. लेखनिकाने लेखनिकालाच वंदन करावे, हे मला अधिक उचित वाटते.

सर्गाचा खरा आरंभ मला जुन्या पोथ्यांच्या अखेरीस सापडला. पाठ, कंबर आणि मान मोडली, दृष्टी खिळली, तोंड खाली राहिले, इतक्या कष्टाने लिहिलेला हा ग्रंथ जतन करा, अशा अर्थाचा श्लोक नकलनवीस शेवटी लिहीत असत. हे गाऱ्हाणे मी उचलून अगदी पुढे आणले आहे. त्याच्याच जोडीचा दुसरा श्लोक मात्र येथे चालत नाही, कारण ‘जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये’ असे म्हणायला बाबांच्या समोर मूळ प्रत कोठे होती? समोर होता तो परंपरेप्रमाणे जेमतेम पंधरा वर्षांचा वक्ता, आणि जे कानावर येईल ते निसटण्यापूर्वी पकडायचे होते. या घाईसाठी ओवीचा आखूड चौथा चरण फार उपयोगी पडतो. तीन चरण यमकाने पळतात आणि चौथ्यापाशी लिहिणाऱ्याला दम घेता येतो.

बोल धावती पुढे ।
बोरू मागुती पडे ।
उरते अंतर तेवढे ।
माझे घर ॥

साहित्याच्या तपशिलात काळजी घेत आहे. तिरक्या कापाचा बोरू आणि काजळ-डिंकाची शाई घेतली आहे, पण कागद टाळला आहे, कारण दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपराही पुढच्या शतकातल्या तुघलकाशी जोडली जाते. मोडी लिपीचे श्रेय परंपरेने ज्यांना दिले जाते ते हेमाद्रीपंत समकालीन असले तरी मोडीचा मोहही आवरला आहे.

आता पहिल्या सर्गाचा शेवट उरला आहे. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणजे मधल्या 294 वर्षांत पाठ बिघडत गेले होते. ही भविष्यातली गोष्ट बाबांच्या तोंडी घालता येत नाही, म्हणून ती मी निवेदकाकडे सोपवणार असून त्या ओव्या सध्या लिहीत आहे.