१२३४५६७८९८७६५४३२१ : अवयव पडले, आता अकरा एक

मंडळी, या सतरा आकडी संख्येचे मूळ अवयव कॅल्क्युलेटरशिवाय पाडायचं काम एकदाचं मार्गी लागलं. ही १११११११११ चा वर्ग. उभा गुणाकार मांडला की मधल्या स्तंभात जास्तीत जास्त नऊच एक जमतात, हातचा कुठेच येत नाही, म्हणून आकडे असे चढतात आणि उतरतात. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या डेम्लो संख्यांपैकी ही एक.

सुरुवात पोरखेळच. १११११११११ = १११ × १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ ला ३ ने भागलं की उरतात ३३३६६७. इथे गाडी अडली. ही मूळ संख्या आहे का? वर्गमूळ ५७७ च्या जरासं पुढे, आणि तिथवर मूळ संख्या १०६. कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही म्हटल्यावर एवढे भागाकार कोण करत बसणार!

मग ही पळवाट. समजा 'प' या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. मग ९९९९९९९९९ लाही जातो, म्हणजे १० च्या नवव्या घाताला 'प' ने भागल्यावर बाकी १. हीच बाकी त्याआधी आली, तर पहिल्यांदा ती ९ च्या विभाजकालाच, म्हणजे पहिल्या किंवा तिसऱ्या घाताला येणार; मग ९९९ ला भाग जायला हवा, म्हणजे 'प' ३ किंवा ३७. पण ३३३६६७ ला या दोघांनी भागलं तरी बाकी १ च. म्हणून बाकी १ देणारा पहिला घात नववाच; फर्माच्या छोट्या प्रमेयाने (१० च्या प−१ व्या घातालाही बाकी १ च येते) प−१ ला ९ ने, आणि 'प' विषम म्हणून १८ ने भाग जातो. १०६ पैकी उरल्या फक्त १७: १९, ३७, ७३, १०९… शेवटची ५७७.

हे भागाकार गोव्यातल्या रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या रांगेत उरकले. पावसात तिथे वेळच वेळ. ५७७ × ५७८ = ३३३५०६, बाकी १६१. ३३३६६७ मूळ!

तेव्हा आपली संख्या = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२, विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ३^४ च, त्यामुळे ही कापरेकरांची हर्षद संख्याही (आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) ठरते. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, ८ गायब. दोन ते नऊ एकांच्या वर्गांत हा मान फक्त तीन आणि नऊ एकांना.

दहा एकांवर हातचा आला की सगळी शोभा गेली: १२३४५६७९००९८७६५४३२१. बेरीज ८२, संख्या विषम, हर्षदचा प्रश्नच मिटला.

आता अकरा एक, म्हणजे १११११११११११. छापील उत्तर २१६४९ × ५१३२३९, पण ते वहीत काढायचंय. इथे प−१ ला २२ ने भाग जायला हवा, म्हणून उड्या २२ च्या, २१६४९ ही ९८४ वी. मात्र १० हा वर्गशेष (एखाद्या वर्गाला 'प' ने भागून येणारी बाकी) असावाच लागतो, म्हणून ४० ने भागून बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७, ३९ येणाऱ्याच मूळ संख्या तपासायच्या. निम्म्या तिथेच गळतात. याहून बारीक चाळणी कुणाकडे असेल तर सांगा.