फुकटचे पेव्हर आणि चर्चचं अंगण

सप्टेंबरात खानापूर तालुक्यात जाऊ नकोस, असं बेळगावच्या मैत्रिणीने आधीच बजावलं होतं. जळवा, चिखल, आणि वाळत टाकलेले कपडे वाळणार नाहीत याची हमी. पण तिच्या माहेरच्या गावात चर्चच्या अंगणावरून फादर आणि गावकरी यांच्यात जुंपलीय, हेही तिनेच सांगितलं. मग काय, निघालेच.

बेळगाव ते खानापूर जेमतेम पंचवीस-सव्वीस किलोमीटर. कर्नाटकात २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट, पण रहिवासी कर्नाटकची पाहिजे. माझं आधार कार्ड नगरचं. खचाखच भरलेल्या बसमध्ये पैसे मोजून तिकीट काढणारी बाई मी एकटीच. शेजारच्या मावशी "महाराष्ट्राची काय वो तुम्ही?" म्हणाल्या आणि सरकून मला थोडी जागा दिली. एवढी वर्षं सीमाप्रश्नावर वाचत आले, तो अंगाला असा पहिल्यांदाच लागला.

कणकुंबी, चोर्ल्याचा घाट आणि भीमगड अभयारण्याची कड मी पाहिली, असं म्हणण्यापेक्षा तिथलं धुकं पाहिलं म्हणते. मलप्रभेचा उगम कणकुंबीला आणि म्हादईही याच तालुक्यात उगम पावते. पहिली पूर्वेला वळून कृष्णेला मिळते, दुसरी गोव्यात उतरते. पाणीवाटपाच्या लवादाने २०१८ मध्ये म्हादईच्या पाण्यातलं १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) कर्नाटकाला दिलं, तरी तंटा मिटलेला नाही. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवं आणि गोव्याला नदी हवी. दोन्हीकडे चर्च आहेत, दोन्हीकडे पावसासाठी प्रार्थना होते. देवाने कुणाचं ऐकावं?

आता अंगणाकडे वळते. मी नगरकडची, प्रोटेस्टंट घरातली. आमच्याकडे कापणीच्या सणाला बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. इथली ख्रिस्ती घरं बहुतेक कॅथलिक, पिढ्यांपूर्वी गोव्यातून घाट चढून आलेली. घरात कोकणी, बाजारात मराठी, तालुक्याच्या कचेरीत कन्नड. रविवारच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, मुलांनी उतारावरचा तेरडा ओंजळी भरभरून आणला होता. मारियेच्या पायाशी गुलाबी रास पडली होती आणि तिच्यातून मुंग्या चालल्या होत्या. एक सिस्टर रुमालाने त्या हलकेच झटकत होत्या.

पर्यावरणावरचं प्रवचन म्हटलं की मला धास्ती वाटते. एक रोप, दहा हात, एक फोटो, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप. पण या फादरांनी रोपाचं नाव काढलं नाही. १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने निसर्गाच्या नासाडीचं खापर थेट आपल्या धर्मावर फोडलं, तिथून त्यांनी सुरुवात केली. बायबलातल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पृथ्वी सत्तेखाली आणा म्हटलंय तेवढं आपण पाठ केलं, दुसऱ्या अध्यायात बागेची मशागत आणि राखण करायला सांगितलंय ते सोयीने विसरलो, असं ते म्हणाले. दर १ सप्टेंबरला सृष्टीसाठी प्रार्थना करण्याची हाक १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मप्रमुखांनी दिली. पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे पत्र २०१५ चं, आणि कॅथलिकांनी तो दिवस घेतलाही त्याच वर्षी. आता त्या दिवसापासून सुरू होणारा हा प्रार्थनेचा काळ ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत चालतो. मग त्यांनी त्या पत्रातलीच एक गोष्ट सांगितली. मठाच्या बागेचा एक तुकडा कायम मोकळा सोडा, तिथे रानफुलं आणि रानगवत आपसूक उगवू दे, असं संत फ्रान्सिस सांगत असे. माझ्या पुढच्या बाकावरचे दोघे-तिघे एकमेकांकडे बघून हसले. रोख कुणावर आहे ते सगळ्यांना कळलं होतं.

मिस्सा संपली तशी व्हरांड्यात बैठक बसली. प्रकरण असं की, एका पुढाऱ्याने अख्ख्या अंगणाला पेव्हर ब्लॉक फुकट घालून द्यायचं कबूल केलं होतं. बदल्यात फाटकाशी नावाचा बोर्ड. फादर नको म्हणत होते. कोपऱ्यातली विहीर पूर्वी मे महिना काढायची, आता एप्रिलमध्येच तळ दाखवते. इथे पाऊस धो-धो पडतो, पण जांभ्या दगडातून चाळणीसारखा निघून जातो. जे काही मुरायचं ते या मातीतच मुरतं. ती झाकली की पाणी गटारात, गटारातून ओढ्यात. हे सगळं ते फार शांतपणे समजावत होते, आणि मी मनातून त्यांच्या बाजूने केव्हाच झाले होते. शहरातून आलेल्या माणसाला मातीचं अंगण आवडायला काय जातं?

एवढ्यात एक सत्तरीच्या पुढच्या बाय उठल्या. साडी घोट्याच्या वर खोचलेली, रबरी चपलेच्या तळाला बोटभर तांबडा चिखल. म्हणाल्या, "फादर, पृथ्वी देवाची, बरोबर हाय. पण गुडघे माझे हायत. गेल्या पावसाळ्यात त्या शेवाळावर घसरले, दीड महिना मिस्सा नाही, काही नाही. तुमची विहीर भरंल, मी काय कोफिनातनं येऊ मिस्साला?"

कुणी हसलं नाही. फादरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

हवामानबदलावर बोलणाऱ्यांचा, त्यात मीही आले, एक अंधुक समज असतो की विरोध करणारा म्हणजे लोभी नाहीतर अडाणी. या बायना विहिरीचं पाणी फादरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्यांनीच ते शेंदलं होतं. 'लाउदातो सी'मध्ये पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐका असं लिहिलंय. व्हरांड्यात ते दोन्ही आवाज समोरासमोर होते आणि एकाच वेळी ऐकू येत नव्हते.

तिढा सोडवला तो खजिनदारांनी, आणि तोही पैशांच्या भाषेत. म्हणाले, अख्खं अंगण कशाला? फाटकापासून दारापर्यंत चार फुटांची पायवाट चिऱ्यांची करू, मधल्या फटींत सिमेंट भरायचं नाही, एका बाजूला लोखंडी कठडा. बाकीची माती तशीच. विहिरीच्या अंगाला उतार देऊ. चिऱ्यांवरही शेवाळ धरतंच की, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा दर शनिवारी खराट्याने घासायचं काम तरुण मंडळींकडे गेलं. त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. बायनी कठड्याची उंची स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवली आणि ती लिहून घ्यायला लावली. फादरांनी वहीत लिहिली.

नंतर चहा आणि बटर आले. पाहुणचाराबद्दल तक्रार एवढीच की तिसऱ्या कपाला नाही म्हणायची सोय नव्हती. पुढाऱ्याला काय सांगायचं यावर मात्र चहा संपला तरी एकमत होईना. फुकटचं नाकारलं तर माणूस दुखावतो, आणि गावाचा रस्ता अजून त्याच्याच हातात आहे. शेवटी ठरलं की त्याला चिरे द्यायला सांगायचं. पायवाट छोटी असली तरी बोर्ड ठरल्या मापाचाच लावू, म्हणजे त्याची काही हरकत राहणार नाही.