२२ पानांचं संमतीपत्र

सकाळी उठल्यावर मूठ वळायलाच मला दीड तास लागायचा. तांब्या उचलायचा तर दोन्ही मनगटांत धरून. गावातल्या एका दवाखान्यात दीड वर्ष दुखण्याच्या गोळ्या आणि अधूनमधून स्टिरॉइडचं इंजेक्शन, एवढंच चाललं होतं. रक्त कुणी तपासलंच नाही. शेवटी धाकट्या जाऊबाईनं हट्टानं पुण्याला नेलं. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, या आजाराच्या रक्तातल्या दोन खुणा, दोन्ही खूप वाढलेल्या निघाल्या. आमवात. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तो हा आजार.

मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून मी दर रविवारी कॅलेंडरवर गोल करायचे. आठ महिन्यांत थोडा फरक पडला, पण गाडी तिथेच अडली. तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, एक ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, सुरू होतेय. घरी विचार करा. नाही म्हणालात तरी तुमचे उपचार मीच करणार आहे."

औषध होतं ॲडालिमुमॅब, पोटावर किंवा मांडीवर टोचायचं इंजेक्शन. टीएनएफ नावाचं प्रथिन सांध्यात दाह पेटता ठेवतं, त्याला हे औषध अडवतं. टीएनएफला अडवून आमवात आटोक्यात आणता येतो, हे मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी या संशोधकांनी लंडनमध्ये दाखवलं. त्यांनी रुग्णांना असं पहिलं औषध दिलं ते १९९२ साली. मूळ औषध फार महाग. दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं तसंच औषध तितकंच गुणकारी आहे का, हे या ट्रायलमध्ये बघायचं होतं. कुणाला कुठलं मिळतंय हे ना मला कळणार, ना डॉक्टरांना. पण नुसतं पाणी कुणालाच टोचणार नव्हते, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

घरी मात्र हे म्हणाले, "तुझा प्रयोगाचा उंदीर करतील." मी वाद घातला नाही. संमतीपत्र मराठीत होतं, २२ पानांचं. पेन्सिलीनं खुणा करत तीन रात्री वाचलं, त्यांनाही वाचायला लावलं.

सगळ्यात मोठी खूण टीबीपाशी होती. शरीरात झोपून राहिलेला टीबी या औषधानं जागा होऊ शकतो, आणि आमच्या सासऱ्यांना टीबी होऊन गेलेला. पुढच्या खेपेला मी तेच आधी विचारलं. कोऑर्डिनेटर मुलीनं कंटाळा न करता सगळं सांगितलं. रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे साफ आला तरच पुढे जायचं. औषधानं अपाय झाला तर उपचाराचा खर्च आणि भरपाई कुणाकडे, हे औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांत लिहिलेलं आहे. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं. मुलानं सीटीआरआयच्या, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदणीच्या, यादीत ट्रायलचा क्रमांक शोधून बाबांना दाखवला. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. मग मी सही केली. बोटं वाकडी, सही त्याहून वाकडी, पण माझी.

सांधे मोजायला वेगळ्याच डॉक्टर असायच्या. माझी फाइल त्यांनी बघायची नसते. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे, गुडघे, असे एकूण २८. स्वतःच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतकाच जोर लावून त्या एकेक सांधा दाबायच्या. मी त्यांच्या त्या नखाकडेच बघत राहायचे. दुखरे १४, सुजलेले ९. पावलं या मोजणीत धरत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त छळलं ते पायाच्या बोटांनी! मी तसं बोलून दाखवलं, तर त्यांनी ते वेगळं लिहून घेतलं. मग दहा सेंटिमीटरच्या रेघेवर आपणच खूण करायची, आजार आज किती जाणवतोय ते.

ती रेघ बघून आई आठवली. माझं माहेर भिगवण. १९९६ साली तिथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची मोठी पाहणी झाली होती, पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांची. आमच्याही ओसरीवर माणसं येऊन बसली होती. कुठं दुखतं, किती दिवस दुखतं, असं आईला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. त्या पाहणीत मोठ्या माणसांमध्ये साधारण दोनशेत एकाला आमवात निघाला, हे मला ट्रायलच्या दिवसांत कळलं.

दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन. पुण्याहून बर्फाच्या डब्यात, २ ते ८ अंशांत न्यायचं. मे महिन्यात एसटीत तो डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. रिकाम्या सिरिंज परत द्यायच्या, डायरी रोज भरायची. गरोदर नसल्याची तपासणी दर खेपेला. चव्वेचाळिसाव्या वर्षी अवघडल्यासारखं व्हायचं, पण मेथोट्रेक्सेट बाळाला घातक असतं, तेव्हा ती हवीच.

चोविसाव्या आठवड्यात मोजणी झाली: दुखरे २, सुजलेला १. सांध्यांची मोजणी, ती रेघ आणि रक्ततपासणी मिळून आजाराचा एक आकडा काढतात, कमी तितका बरा. तो ६.८ वरून ३.१ वर आला. ट्रायल संपल्यावर इंजेक्शन पुढे फुकट मिळणार नाही, हे त्या २२ पानांत लिहिलेलंच होतं, तरी डबा परत करताना हात थांबला. सध्या मेथोट्रेक्सेटवरच आहे, महिन्यातून एकदा मॅडमना दाखवते. मला मूळ मिळालं की नवं, ते सगळ्यांचं पूर्ण झाल्यावर कळवणार आहेत.

डायरीतलं शेवटचं पान मी फोटो काढून ठेवलंय. 'सकाळी आखडणं : १० मिनिटं.'